नोकरी सोडून मुंबईत अभिनय-दिग्दर्शनात उतरावं का? सुरुवात कुठून करू?

प्रश्नकर्ता डोंबिवलीचा, वय २४, बीकॉम, ठाण्यात अकाउंट्सची नोकरी. कॉलेजात दोन एकांकिका केल्यात. आता अभिनय करायचाय, पुढेमागे दिग्दर्शनही. विचारतोय की नोकरी सोडू का, कोर्स करू का आणि घरी काय सांगू.

मी मराठी मालिकांचा एपिसोड डिरेक्टर आहे. त्याआधी नऊ वर्षं असिस्टंट होतो आणि त्याच्याही आधी एकांकिकांचे सेट उचलायचो. वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

नोकरी आत्ता सोडू नकोस. या धंद्यात नट तारखा विकतो. नाटकवाल्याचा फोन आला की तो तुझा अभिनय कसा आहे ते विचारत नाही, 'पंधरा-सोळा मोकळा आहेस का?' एवढंच विचारतो. तुझ्या तारखा अजून कुणी मागत नाहीये. त्या मागायला लागले, रजा संपल्या, साहेबांनी दोनदा झापलं, की राजीनामा लिहायला घे. प्रशांत दामले बेस्टमध्ये नोकरीला होते. लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावच्या साहित्य संघात नोकरी करता करता छोट्या भूमिका करायचे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि पूर्णवेळ नट झाले ते १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर.

दुसरं कारण पैशाचं, आणि तू अकाउंट्सवाला असल्याने तुला ते लगेच कळेल. मालिकेत पैसे पर डे ठरतात आणि हातात साधारण ९० दिवसांनी येतात. म्हणजे जानेवारीत घाम गाळलास तर एप्रिलपर्यंत लोकलचा पास स्वतःच्या खिशातून. शिवाय महिन्यात किती दिवस बोलावतील याचा नेम नाही. गुरुवारी टीआरपी येतो, आकडा पडला की कथेचा ट्रॅक बदलतो आणि नायिकेचा सख्खा भाऊ अचानक बंगलोरला नोकरीला जातो. तो परत येईलच असं नाही. माझे स्वतःचे एका निर्मात्याकडे सात महिन्यांचे पैसे अडकले होते. पाच महिन्यांचे मिळाले, दोन महिन्यांचे गेले ते गेलेच. त्या काळात बायकोच्या पगारावर घर चाललं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची.

सेटवर पहिल्या दिवशी काय होतं तेही सांगतो, कारण तुला बहुधा कॅमेऱ्यासमोरचंच चित्र दिसत असणार. घोडबंदरला शूट होतं आणि मी सर्वात धाकटा असिस्टंट, माझ्याकडे कंटिन्यूइटी, म्हणजे आधीच्या सीनमधले कपडे, वस्तू, पट्ट्या पुढच्या सीनमध्ये तशाच आहेत ना ते बघायचं काम. सासूबाईंच्या हाताला भाजलंय म्हणून पट्टी बांधलेली. जेवणाच्या सुट्टीनंतर मेकअपदादांनी ती उजव्या हाताला बांधली. सकाळी डाव्या हाताला होती. माझ्या वहीत नुसतं 'हाताला पट्टी' असं लिहिलेलं, कोणता हात ते नाही. चार सीन झाल्यावर ते कळलं. रात्री साडेनऊला सगळ्यांना थांबवून ते चार सीन पुन्हा घेतले. ओरडलं कुणीच नाही. सासूबाई झालेल्या बाई फक्त म्हणाल्या, 'बाळा, माझी शेवटची कर्जत लोकल गेली.' स्पॉटदादाने मला चहा आणून दिला तेव्हा तो घ्यायचीही हिंमत होईना. तेव्हापासून माझ्या वहीत डा आणि उ लिहिल्याशिवाय पान उलटत नाही. हे काम तुला नटाचं वाटणार नाही, पण दिवसाला वीस-बावीस मिनिटांचा भाग काढणाऱ्या युनिटला असाच माणूस लागतो. एखादा डॉक्टर किंवा इन्स्पेक्टर ऐनवेळी आला नाही की 'अरे, तू उभा राहतोस का?' हेही अशाच माणसाला विचारतात. माझा पहिला कॅमेऱ्यासमोरचा संवाद होता, 'साहेब, गाडी आली.' दोन टेक लागले.

अभिनयच करायचा असेल तर तुझं खरं भांडवल त्या दोन एकांकिका आहेत. ऑडिशन त्यानंतर. मराठीतले कास्टिंगवाले आजही आयएनटी, सवाईसारख्या एकांकिका स्पर्धांवर डोळा ठेवून असतात. सवाईला तर दुसऱ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच उतरतात, म्हणून २५ जानेवारीची ती रात्र जागवायला अर्धी इंडस्ट्री हजर असायची. भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे हे तिघे शाहीर साबळ्यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा' या लोककलांच्या कार्यक्रमात होते. तिथे कोरसमध्ये उभं राहून ताल आणि दम दोन्ही येतात, जे कुठल्याही अॅक्टिंग क्लासच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. कॉलेज संपलं म्हणून स्पर्धा संपल्या असंही नाही, खुल्या गटाच्या भरपूर असतात. डोंबिवली-कल्याण-ठाण्यात ग्रुप आहेत. रात्री आठनंतर तालमी करतात, सगळेच नोकरदार.

वर्सोव्याच्या आराम नगरला एकदा जाऊन ये. त्या जुन्या बैठ्या बंगल्यांत कास्टिंगची ऑफिसं आहेत. दारातून डोकावलं की आतून 'नॉट फिट' येतं. वीस वेळा ऐकलं की त्याची भीती जाते. हल्ली बरंचसं काम मोबाइलवर सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच शूट केलेली ऑडिशन, मागवूनच होतं, त्यामुळे मागची भिंत कोरी, उजेड समोरून आणि आवाज स्वच्छ एवढं सांभाळ. ऑडिशनसाठी, आर्टिस्ट कार्डसाठी, 'पोर्टफोलिओ कम्पल्सरी' म्हणून जो पैसे मागेल त्याच्याकडून उठून यायचं.

दिग्दर्शनाबाबत मात्र मी जरा कडू बोलणार. मालिकेत असिस्टंट म्हणून राबलास की एक दिवस सिनेमा मिळेल, अशी शिडी इथे नाही. मालिकेची शिडी मालिकेच्याच गच्चीवर जाते. मी त्या गच्चीवर उभा आहे, हवा बरी आहे, तक्रार नाही. सिनेमावाले निराळ्या वाटांनी येतात. परेश मोकाशी रंगभूमीवरून आले आणि २००९ चा त्यांचा पहिलाच चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला. रवी जाधव जाहिरातीतून आले. नागराज मंजुळेंनी आधी शॉर्ट फिल्म केली. 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री' आणि २०१६ मध्ये 'सैराट'. तिघांचंही मोठ्या पडद्यावर येण्याआधी स्वतःचं काहीतरी करून झालेलं होतं. तेव्हा दिग्दर्शक व्हायचं असेल तर दहा मिनिटांचं काहीतरी लिही आणि शूट कर, मग ते वाईट होऊ दे. माझं पहिलं इतकं वाईट होतं की पेन ड्राइव्ह हरवला तेव्हा मीच सुटलो.

कोर्सचं विचारलंस. पुण्याची एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट किंवा दिल्लीची एनएसडी ही नाट्यशाळा मिळत असेल तर नोकरीचं वर लिहिलेलं सगळं विसर आणि जा. मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी कालिन्यालाच आहे, तिथेही प्रयत्न कर. महिन्याभरात हीरो करणाऱ्या क्लासला मात्र तुझा पगार देऊ नकोस.

आता घरी काय सांगायचं? सध्या काहीच सांगू नकोस, तालमीला जातोय एवढं पुरे. माझ्या आईला एपिसोड डिरेक्टर म्हणजे काय ते अजून नीट कळलेलं नाही. शेजारच्या काकूंना ती सांगते, 'मुलगा टीव्हीच्या ऑफिसात आहे, रात्रपाळी असते.'