दीर, जाऊ आणि स्नाखा

सोनू,

तू विचारलंस, "आई, आपल्याकडे दीर, नणंद, जाऊ अशी इतकी नावं कशाला? इथे प्रागमध्ये श्वागर नाहीतर श्वाग्रोवा म्हटलं की झालं."

श्वागर म्हणजे दीर, मेव्हणा सगळेच, आणि श्वाग्रोवा म्हणजे नणंद, जाऊ वगैरे. श्वागर हा शब्द चेक लोकांनी जर्मनमधून घेतला. जुन्या चेकमध्ये दीर, जाऊ, नणंद यांना वेगवेगळे शब्द होते, ते मागे पडले. रशियन आणि सर्बियनमध्ये त्यातले बरेच अजून आहेत, आणि त्यांतले काही आपल्याच शब्दांचे सख्खे भाऊबंद आहेत.

दीर घे. संस्कृतात देवर, सर्बियनमध्ये देवेर. सर्बियन लग्नात नवरीला सोबत करणाऱ्या पाठराख्यालाही देवेरच म्हणतात. जाऊ म्हणजे संस्कृत यातृ, सर्बियन येत्र्वा. आणि सून म्हणजे स्नुषा, ती तर चेकमध्ये रोज ऐकतेस: स्नाखा. स्नुषेतल्या ष च्या जागी तिकडे ख आला, कारण उ नंतरच्या मूळ स चा संस्कृतात ष होतो आणि चेक, रशियन, सर्बियन अशा स्लाव भाषांत ख. मराठीत तर तोही गळला.

म्हणून शब्द नुसता सारखा वाटला की नातं लावू नकोस, ध्वनींचा नियम जुळतो का ते बघ. संस्कृत शत, चेक स्तो; संस्कृत दश, चेक देसेत: आपल्या श समोर तिकडे स हवा. पण नियमाला अपवादही असतात. सासऱ्याचा श्वशुर, रशियनमध्ये मात्र स्व्योकर. स च्या जागी क का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आणि बाळबोलीच्या शब्दांपासून सावध राहा. आपला 'बाबा' म्हणजे वडील, चेक 'बाबा' म्हणजे म्हातारी! असे शब्द जगभर आपोआप तयार होतात.

यातून स्लाव भारतातून गेले किंवा त्यांच्या भाषा संस्कृतातून निघाल्या, असं मात्र समजू नकोस. दोन्हीकडच्या भाषा एकाच जुन्या मूळ भाषेच्या दोन फांद्या. स्लाव लोकांचा लेखी उल्लेख सहाव्या शतकात बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) लेखकांत ठळकपणे येतो. त्यांचं मूळ घर बहुतेक अभ्यासक आजच्या पोलंड, बेलारूस आणि युक्रेनच्या पट्ट्यात शोधतात. तिथून ते पश्चिमेला चेकांच्या देशात, दक्षिणेला बाल्कनमध्ये पसरले.

नावं टिकली ती घराच्या रचनेमुळे. बाल्कनमधल्या 'झाद्रुगा' नावाच्या एकत्र कुटुंबात भाऊ आणि त्यांच्या बायका एका छताखाली नांदत. नव्या सुनेला दीर आणि जाऊ रोज भेटायच्या, त्यांना वेगळं नाव लागायचंच. आपल्या वाड्यातही तेच होतं. उलट बायकोच्या माहेरची माणसं लांब राहायची, म्हणून तिचा भाऊ आणि आपल्या बहिणीचा नवरा, दोघांनाही आपण 'मेव्हणा'च म्हणतो. रशियन इथे आपल्यापेक्षा चोखंदळ आहे: नवऱ्याचा बाप स्व्योकर, बायकोचा बाप त्येस्त. आपल्याला दोघेही सासरे.

नणंदेचं मात्र जुळत नाही. आपली संस्कृत ननांदृपासून आली. सर्बियन झाओवा आणि रशियन झोलोव्का निराळ्या मुळाच्या, त्यांचं नातं ग्रीकशी लागतं. तुझ्या शब्दांच्या वहीत तिला वेगळ्या रकान्यात लिही.

आई