बाळाला लघवी वाढवणारे औषध देताना

प्रश्न : माझ्या चौदा महिन्यांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे आणि शस्त्रक्रियेला अजून अवकाश आहे. तोपर्यंत फ्युरोसेमाइडचे पातळ औषध दिवसातून दोनदा ०.८ मिली आणि त्याच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन द्यायला सांगितले आहे. मध्यंतरी तिला उलट्या-जुलाब झाले, तेव्हा औषध द्यावे की थांबवावे, हेच कळेना. सासूबाई शहाळ्याचे पाणी पाजायला सांगतात, ते चालेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : अशा छिद्रामुळे फुफ्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जाते, तिथे पाणी साठू लागते आणि बाळाला दूध पिताना धाप लागते. फ्युरोसेमाइड हे पाणी लघवीवाटे बाहेर काढते. मात्र बाळ नेहमीसारखे खात-पीत आहे, हे गृहीत धरूनच त्याची मात्रा ठरवलेली असते. उलट्या-जुलाबांत अंगातले पाणी आधीच कमी झालेले असताना तीच मात्रा दिली, तर बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. उलट औषध आपल्या मनाने बंद केले, तर फुफ्फुसांत पुन्हा पाणी साठू शकते. म्हणून अशा वेळी पुढची मात्रा देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा आणि जलसंजीवनी किती पाजायची, तेही त्यांनाच विचारावे.

शहाळ्याचे पाणी सध्या देऊ नका. सासूबाईंचा सल्ला मायेपोटीच आहे. परंतु शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि स्पायरोनोलॅक्टोन ते शरीरात धरून ठेवते. फ्युरोसेमाइड मात्र पोटॅशियम बाहेर टाकते. हा तोल दोन्ही बाजूंना ढळू शकतो आणि तसे झाल्यास हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणूनच डॉक्टर अधूनमधून रक्ततपासणी सांगतात. ती चुकवू नये.

तुम्ही मात्रा मिलीमध्ये लिहिली आहे, याची मला विशेष काळजी वाटते. एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असेल, तर ०.८ मिलीतून ८ मिलिग्रॅम पोटात जाते. एका मिलीत ४ मिलिग्रॅमच औषध असलेली बाटली मिळाली, तर तेवढ्याच मिलीतून केवळ ३.२ मिलिग्रॅम जाईल. त्यामुळे मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या आणि प्रत्येक नवी बाटली आणल्यावर तिच्यावरचे प्रमाण पडताळून पाहा. औषध चमच्याने न मोजता तोंडावाटे औषध देण्याच्या सिरिंजनेच मोजावे. मुलीचे वजन वाढेल तशी मात्रा बदलावी लागते, तीही डॉक्टरांनीच.

पहिली मात्रा सकाळी आणि दुसरी दुपारी चारच्या सुमारास दिली, तर रात्री झोपमोड होत नाही. एखादी मात्रा राहून गेली, तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली, तरी विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नये. तापासाठी आयबुप्रोफेन परस्पर देऊ नका आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तर ही दोन्ही औषधे चालू असल्याचे आवर्जून सांगा.

डोळे खोल गेले, तोंड कोरडे पडले, सहा तासांत लघवी झाली नाही, बाळ मलूल होऊन दूध घेईनासे झाले किंवा श्वास जोरात चालू लागला, तर फोनवर वेळ न घालवता तिला थेट रुग्णालयात न्यावे आणि औषधांच्या बाटल्या सोबत घ्याव्यात.