सातपुड्यातली सालई कमी का होत चालली आहे? रोग, हवामान की डिंक काढणारे?

तुमचा प्रश्न असा आहे की डोंगरधारेवर सालईची जुनी झाडं दिसतात, त्यातली काही वाळलेलीही असतात, पण नवीन रोप कुठेच नाही. याला रोग कारण आहे, हवामान की डिंक काढणारे लोक? आणि तुमच्या ग्रुपला रोपं लावायची आहेत, तर कशी लावावीत? 'डिंक काढणारे' हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी खानदेशाकडच्या सातपुड्यात वनरक्षक म्हणून झाली, आणि माझे वडील सालईचा डिंक काढायचे.

रोगाचं आधी निकालात काढू. सालईला खोडकिडा लागतो, जखमेतून बुरशी शिरते, आतून पोकळ झालेलं झाड वादळात मोडतं. म्हाताऱ्या झाडाचं हे व्हायचंच. वाळलेली झाडं मोजून काही हाती लागत नाही. धारेवर उभे राहा आणि बुंध्यांकडे बघा. कवेत न मावणारं खोड सापडेल, मांडीएवढं सापडेल. मनगटाएवढं शोधून दाखवा. मधली पिढीच नाही. ते जंगल आज कितीही भरलेलं दिसो, त्याची मुदत ठरलेली आहे.

हेच मी एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना सांगायला गेलो. नाव घेत नाही, ते निवृत्त झाले, मीही झालो. कक्षातली, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्यातली, पुनरुत्पत्ती (नवीन रोपं किती येतात ते) बघायची होती. मी म्हणालो, सालईचं रोप या अख्ख्या धारेवर नाही. साहेब एका जुन्या झाडापाशी थांबले. बुडाभोवती गुडघ्याएवढे दहा-बारा कोंब उभे होते, पानं ताजी हिरवी.

"रोपं नाहीत म्हणतोस? मग हे काय आहे?"

मी खुरपं काढून एका कोंबाच्या बाजूने उकरायला लागलो. मुरमाड जमीन, वर दगड, वेळ लागला. साहेब घड्याळ बघत होते. खाली अंगठ्याएवढं जाड आडवं मूळ लागलं, ते सरळ जुन्या झाडाच्या बुडात गेलेलं. म्हणालो, "साहेब, हे रोप नाही, मुळाचा फुटवा आहे. बियाचं असतं तर खाली गाजरासारखं मूळ सरळ जमिनीत गेलेलं दिसलं असतं."

"हिरवं आहे ना? पान सालईचंच आहे ना? मग लिही, पुनरुत्पत्ती समाधानकारक."

कागदावर तेच गेलं. त्यानंतर नाक्यावर चहा झाला, मजूर बसले होते, त्यांच्यासमोर साहेब म्हणाले, "सालई संपवली असेल तर ती तुमच्याच लोकांनी. कुऱ्हाड घेऊन फिरायचं आणि दिसेल त्या झाडाला खाच मारायची. तुझा बाप तेच करायचा ना रे?"

तेव्हा गप्प बसलो. पोरं शिकत होती, बदली परवडणारी नव्हती. आता बोलतो.

वडिलांचं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि पावसाच्या तोंडावर थांबायचं. जमिनीपासून वीतभर वर, खोडाच्या एकाच अंगाला सालीचा पट्टा तासायचा. कागदासारखे पापुद्रे आधी हाताने सोलायचे, मग पातं चालवायचं, तेही फक्त सालीत. लाकडाला धार लागली की आवाज बदलतो, तो आवाज आला की ते स्वतःवरच चिडायचे. आधी पांढरट चीक येतो, मग त्याचे पिवळसर थेंब धरतात. ते खरवडून बांबूच्या टोपलीत भरायचे. टोपली महिनाभर ठेवली की पातळ रस खालच्या थाळीत गळतो, आणि वर राहतो तो विकायचा माल. त्या रसाचे डाग वडिलांच्या एकाही सदऱ्यावरून कधी गेले नाहीत. काही दिवसांनी त्याच जखमेच्या वरच्या कडेला पुन्हा थोडं तासायचं. तीन फुटांहून कमी घेराच्या झाडाला हात लावायचा नाही आणि हंगाम घेतलेलं झाड पुढे काही वर्षं सोडून द्यायचं. १९७२ च्या दुष्काळात त्यांनीही बारीक झाडं तासली. पोटाला दुसरं काही नव्हतं. ते मी लपवत नाही.

पुढे ठेकेदार आले. किलोवर पैसे, माणसं बाहेरची, पुन्हा त्या डोंगरावर यायचं नाही हे ठरलेलं. एका झाडाला तीन-तीन, चार-चार खाचा पडू लागल्या आणि कडेला कडा मिळाल्या की खोडाभोवती सालीची अख्खी चकती निघते. मग झाड मरतं, त्याला तज्ज्ञ लागत नाही. पण त्या ठेकेदारांना माल बाहेर न्यायचे पास माझ्या वडिलांनी दिले नव्हते.

आणि हिशेबच करायचा तर सगळाच करू. भुसावळहून खंडव्याकडच्या गाडीत बसलात की बुऱ्हाणपूरच्या पुढे नेपानगर लागतं. वर्तमानपत्राचा कागद बनवणारा देशातला पहिला कारखाना १९५० च्या दशकात तिथे सुरू झाला आणि तो सालईच्या लाकडाचा भरवसा धरून उभा केला होता. त्याआधी सालईला कोण विचारत होतं? मऊ लाकूड, खोकी आणि काड्यापेट्यांपलीकडे उपयोग नाही. कारखाना आला तशी ती कच्चा माल झाली. आमच्या खात्याचं म्हणाल तर कूप, म्हणजे तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा, पडला की राखायचा तो साग. बाकी सगळं 'इतर' रकान्यात, आणि सालई जन्मभर त्याच रकान्यात. सागाच्या अंगावर येणारी सालई काढून टाकायला आम्हाला रीतसर मजुरी मिळायची. ही तोड कोणाच्या बापाने केली, ते साहेबांनी सांगितलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

सालई फुलते जानेवारी ते मार्च-एप्रिल, अंगावर पान नसताना. म्हणजे फुलं आणि फळं धरायला लागणारं सगळं अन्न खोडात-मुळात साठवलेलं असतं, त्यातून ती खर्च करते. डिंक काढायचा हंगामही नेमका हाच. वरून फुलोरा मागतोय, खालून आपण चीक ओढतोय. आफ्रिकेत सालईची एक सख्खी बहीण आहे, लोबानाचं झाड, तिच्यावर याचा अभ्यास झाला आहे. इरिट्रियात डिंक न काढलेल्या झाडांच्या बिया ८० टक्क्यांहून जास्त उगवल्या, काढलेल्या झाडांच्या १६ टक्क्यांच्या आसपास. २०१९ मध्ये इथिओपिया आणि आजूबाजूच्या जंगलांचा मोठा अभ्यास आला, त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त ठिकाणी लहान झाडंच नव्हती. मोठी झाडं उभी, खाली कोणी नाही. वाचताना मला आमचीच धार दिसत होती.

दुसरी अडचण खुद्द सालईची. तिला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा लागतो, तोही आग्या किंवा सातेरी मधमाशीने आणून दिलेला. झाडं विरळ झाली, पोळी जाळून मध काढला, की परागाची ये-जा आटते. फुलं ढीगभर आणि फळं बोटावर मोजण्याएवढी. त्या तिधारी फळांतही पोकळ बी भरपूर. जे चांगलं असतं ते फार दिवस टिकत नाही, पहिल्या पावसात उगवलं तर उगवलं.

आणि उगवलेल्याचंही काय होतं? सालईचं रोप पहिली बरीच वर्षं वर वाढतच नाही. उन्हाळ्यात वरचा शेंडा वाळतो, पावसाळ्यात मुळातून नवा फुटतो, पुन्हा वाळतो. तोवर खाली मूळ जाड होत असतं. मूळ पुरेसं भरलं की एका वर्षी कोंब वाळत नाही आणि झाड निघतं. ही सगळी वर्षं ते गवतात, घोट्याएवढं, वणव्याच्या तोंडी. जुन्या सालईला आग फारशी बाधत नाही, जाड साल काळी पडते आणि ती तशीच उभी. म्हणून लोकांना वाटतं सालईला आगीचं काही नाही. रोप मात्र दरवर्षी जळतं आणि मुळात जितकं साठवलं तितकं नव्या कोंबात खर्च होतं. गुरं सालईच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, पण खुरांखाली तुडवतात.

वणवा कोण लावतं? इथे आमचे लोकही सुटत नाहीत. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचा आणि घरी यायचं. तेंदूचं नवं पान चांगलं यावं म्हणून पेटवायचं. गवत कोवळं यावं म्हणून पेटवायचं. वडिलांशी माझं यावरून भांडण व्हायचं. ते म्हणत, पिढ्यान्पिढ्या लावतोय, जंगल होतंच की. मी म्हणायचो, तेव्हा डोंगराचा एक कोपरा जळायचा आणि दुसरा सुटायचा. आता एकही कोपरा सुटत नाही.

तर साहेबांचं खरं होतं का? अर्धं. डिंकामुळे बी कमजोर होतं, हे मला मान्य. पण आमच्याकडे देवाचा एक डोंगर आहे, तिथे सालईला कोणी पातं लावत नाही. ना वडिलांच्या काळात, ना ठेकेदारांच्या. तिथेही मनगटाएवढी सालई नाही. वणवा मात्र तिथे दरसाल जातो. डिंक आज बंद केला आणि आग तशीच राहिली, तर सालई परत येणार नाही, फक्त डिंकावर जगणाऱ्यांची चूल बंद होईल.

हवामानाचं विचारलंत. सालईसारखं चिवट झाड उघड्या कातळावर जगतं, त्याला दुष्काळ नवा नाही, म्हणून मोठी झाडं हवामानाने मरतात हे मला पटत नाही. बियाचं वेगळं. पहिल्या पावसानंतर मोठी उघडीप पडली की उगवलेलं तिथेच करपतं, आणि हे वाढलं तर आधीच कमी असलेली संधी आणखी कमी होणार. पण 'हवामान बदल' हे उत्तर ऐकलं की मला भीती वाटते, कारण मग रेंजमध्ये कोणालाच काही करावं लागत नाही.

रोपं लावायची म्हणता. सालई फांदीपासून सहज लागते, पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी खड्ड्यात रोवली तरी फुटते. खात्याने हे करून बघितलंय. त्याच साहेबांच्या काळात एक रोपवन झालं, मजुरी वाचवायला सगळ्या फांद्या रस्त्याकडेच्या दोन-तीन झाडांच्या तोडल्या. लागलं छान, उद्घाटनाचा फोटोही झाला. आता ती झाडं फुलतात आणि फळ जवळजवळ धरत नाहीत. कसं धरेल? ओळीच्या ओळी एकाच झाडाच्या, आणि सालईला स्वतःचा पराग चालत नाही हे वर सांगितलंच. मी तेव्हा म्हणालो होतो की फांद्या वेगवेगळ्या डोंगरांवरून आणू, ट्रॅक्टरचं भाडं मी बघतो. उत्तर मिळालं, "तू वनरक्षक आहेस, वनस्पतिशास्त्रज्ञ नाहीस." तेव्हा तुम्ही लावणार असाल तर एका झाडाच्या चार-पाचच फांद्या घ्या, पुढच्या फांद्या दुसऱ्या धारेवरच्या झाडाच्या घ्या, आणि कुठली कुठे लावली ते लिहून ठेवा. परवानगीशिवाय तोडू नका, गुन्हा दाखल होतो.

त्याहून उपयोगाचं सांगू? ज्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला आहे, अशी ग्रामसभा शोधा. जंगल राखण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. तिला सांगा की एकच धार निवडा, मोठी नको, आणि ती सलग आठ-दहा वर्षं जळू देऊ नका. त्या धारेवर तेवढी वर्षं डिंकही नको, बाकीच्या डोंगरावर चालू द्या. मोजणी कराल तेव्हा फुटवे वेगळे आणि बियाची रोपं वेगळी लिहा, शंका आली तर खुरप्याने उकरून बघा, कोणी घड्याळ बघत उभं असलं तरी. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा, काढायचं काम आमच्याकडे जानेवारीच्या आसपास निघतं, माणसं नेहमी कमी पडतात. ग्रामसभेला विचारून तेव्हा या. बूट जाड तळव्याचे घाला आणि वर पट्टी गुंडाळा, कुसळी मोज्यात शिरली की दिवसभर निघत नाही.