प्युरी किती दिवस, किती पातळ, किती गोड?

प्रश्न : माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. भाजी, भात, फळं, सगळं मिक्सरमधून गंधासारखं काढून दिलं तरच खाते. जरा कण लागला की ओकारी काढते, मग घरातले सगळे घाबरतात आणि पुन्हा मिक्सर लागतो. काय करू? (नाशिक)

उत्तर : ताई, आता मिक्सर हळूहळू कमी करायची वेळ झाली आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू होतं तेव्हा मऊ प्युरी हवीच. पण आठव्या महिन्याच्या आसपास हातात धरून खाता येतील असे शिजवलेले मऊ तुकडे द्यायचे, आणि वर्ष झालं की घरात शिजतं तेच, तिखट-मीठ घालण्याआधी बाजूला काढून, कुस्करून. नऊ-दहा महिन्यांनंतरही फक्त गुळगुळीतच मिळत राहिलं तर घास जिभेने गालाकडे सरकवून चावायची सवय मागे पडते. तुमच्या लेकीचं बहुधा तेच झालंय. उशीर झालाय, पण हे सुटतं.

पुरणयंत्र माळ्यावर असेल तर खाली काढा. या कामासाठी मला ते मिक्सरहून कितीतरी बरं वाटतं. मिक्सरच्या पात्यांनी सगळं एकजीव होतं, तर पुरणयंत्रातून काढलेल्या लाल भोपळ्याला, बटाट्याला, वरण-भाताला बारीकसा रवाळपणा राहतो. तिला सगळ्यांत जास्त आवडणारा एकच पदार्थ निवडा आणि आठवडाभर तेवढाच बारीक जाळीतून काढा, बाकीचं आहे तसं चालू द्या. मग मोठ्या भोकांची जाळी, त्यानंतर फक्त पळीच्या पाठीने घोटलेलं. ताटलीत एखादी वाफवलेली गाजराची मऊ फोडही ठेवा. ती नुसती चिवडली तरी चालेल.

आता ओकारीबद्दल. ओकारी काढताना मूल आवाज करतं, खोकतं, तोंड लाल होतं आणि घास आपोआप पुढे येतो. तिचं शरीर घास सांभाळायला शिकतंय, तेव्हा शांत बसा. घास खरोखर अडकला तर आवाजच बंद होतो, रडताही येत नाही. अशा वेळी काय करायचं ते आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून हाताने करून शिकून घ्या, घरातल्या प्रत्येकाने. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, कच्च्या गाजराचे तुकडे मात्र या वयात नकोतच. पाणी पितानाही ठसका लागत असेल किंवा महिनाभरात काहीच फरक दिसला नाही, तर दाखवून घ्या.

प्रश्न : मी नोकरी करते. रविवारी आठवड्याच्या प्युऱ्या करून ठेवल्या तर चालतील का? (पनवेल)

उत्तर : चालतील. मनात अपराधीपणा ठेवू नका. भाज्या पाण्यात बुडवून उकळू नका, कुकरच्या डब्यात थोड्याच पाण्यात शिजवा. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतं, म्हणून डब्यात उरलेलं पाणी ओतून न देता प्युरीतच घाला. मिक्सरचं एक छोटं भांडं फक्त बाळासाठी ठेवा. चटणीचं भांडं कितीही घासलं तरी झाकणाच्या रबरात मिरची राहते.

प्युरी निवली की लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, मग खडे हवाबंद डब्यात काढून वर तारीख लिहा. महिनाभरात संपवा. नुसत्या फ्रिजमध्ये ठेवली तर दोन दिवस, त्यापुढे नाही. लागतील तेवढेच खडे काढा, वाफ येईपर्यंत गरम करा, कोमट झाल्यावर भरवा. वीज बराच वेळ गेली आणि खडे वितळले तर ते पुन्हा गोठवू नका. बाळाच्या चमच्याची लाळ लागलेली वाटी संध्याकाळसाठी ठेवू नका, त्यात जंतू वाढतात.

पालक आणि बीट या रविवारच्या कामातून वगळा. त्यांत नायट्रेट जास्त असतं आणि प्युरी नीट थंड न ठेवता राहिली तर जंतूंमुळे त्याचं नायट्राइट होतं. ते लहान बाळांच्या रक्तातल्या प्राणवायूच्या वहनाला बाधतं. या दोन भाज्या ताज्याच करा. केळं आणि चिकू तर आयत्या वेळी काट्याने कुस्करायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : माझा नातू ११ महिन्यांचा आहे. त्याचे तळहात, तळपाय आणि नाकाचा शेंडा पिवळट दिसतो. कावीळ तर नाही? रोज गाजर-भोपळ्याची प्युरी आणि पपई आवडीने खातो. (सातारा)

उत्तर : आजी, तुम्ही प्रश्नातच उत्तर लिहिलंय. गाजर, लाल भोपळा, पपई यांतलं कॅरोटीन जास्त झालं की त्वचेवर असा रंग येतो. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे ना, ते उजेडात पाहा. तसं असेल तर काळजी नाही. या भाज्या आठवड्यातून तीन-चारदाच द्या, मध्ये दुधी, मटार, फ्लॉवर आणा, रंग काही आठवड्यांत उतरतो. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा. फळांच्या प्युऱ्या दिवसातून तीनदा, दूध जवळजवळ पाऊण लिटर. तब्येत छान दिसते, पण हिमोग्लोबिन कमी आलं. बीट सुरू केलंय. (नागपूर, वडील)

उत्तर : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमचं घर काही वेगळं नाही. पण लाल रंगामुळे बीट रक्त वाढवतं, ही समजूत सोडा. त्यात लोह फारच थोडं असतं. फळांतही नाही. आणि इतक्या दुधाने पोट भरलं की लोह असलेलं अन्न खायला जागाच उरत नाही. दूध आधी अर्ध्या लिटरच्या आत आणा.

मग रोज एक वाटी अशी करा : मूठभर मसूर डाळ आणि लाल भोपळ्याच्या फोडी एकत्र शिजवा, घोटा, चमचाभर साजूक तूप आणि चार थेंब लिंबू. लिंबामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं, तुपामुळे भोपळ्यातलं कॅरोटीन. घरी चालत असेल तर अंडं, बारीक शिजवलेला खिमा द्या, खिम्यातलं लोह अधिक सहज शोषलं जातं. मिश्रण दाट ठेवा, चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये. वरणाच्या वरच्या पाण्याने पोट भरतं, पोषण होत नाही. संत्र्यांच्या गावात राहता, तर जेवणानंतर संत्र्याच्या दोन फोडी, साल-बी काढून, द्या. रस नको. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं असेल तर ते या आहाराबरोबरच चालू ठेवा, आणि दुधासोबत देऊ नका.

प्रश्न : प्युरीत गूळ किंवा मध घातला तर? (कोल्हापूर)

उत्तर : वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटणसुद्धा नाही. त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. गूळ आणि साखर दोन वर्षांपर्यंत टाळा. गोडी हवी तर पिकलेलं केळं आहे, खारकेची भिजवून वाटलेली पेस्ट आहे.

प्रश्न : आमच्याकडे घरचीच सीताफळं आहेत. प्युरी करून वर्षाच्या मुलीला देऊ का? (सासवड)

उत्तर : जरूर द्या, पण मिक्सर नको. सीताफळाची बी फुटली तर विषारी असते, आणि पात्यात एखादी बी हमखास फुटते. गर चाळणीवर ठेवून चमच्याच्या पाठीने दाबा, खाली मऊ गर येईल, बिया अख्ख्या वर राहतील. त्या मोजून, मुलीच्या हाताला लागणार नाहीत अशा टाका. एखादी बी फुटलीच तर त्या हातांनी डोळे चोळू नका, आधी साबणाने हात धुवा आणि तो गरही टाकून द्या.