व्हँकुव्हर आयलंडच्या नदीत स्नॉर्केल लावून सॅमनचं चित्रण करायचं आहे. बडोद्यात राहून तयारी कशी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लेकीकडे कॅनडातल्या व्हँकुव्हर आयलंडला जाणार, तिथल्या कॅम्पबेल नदीत उतरून जंगली सॅमन माशांचं चित्रण करायचं, गोप्रो (पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा) आहे, पोहता येतं, चष्मा लागतो.

सरावापासून सुरुवात करतो, कारण वेळ त्यालाच लागेल. विश्वामित्री नदीत का नाही हे बडोदेकराला सांगायची गरज नाही. आजवा तलावाचंही तेच, तिथेही मगरी आहेत. शिवाय गढूळ पाण्यात या कामाचा सराव होतच नाही. लालबाग किंवा सरदारबागेचा तरणतलाव पुरे. लांब पोहण्यात वेळ घालवू नका. पाण्यावर पालथं, अजिबात हातपाय न हलवता पंधरा-वीस मिनिटं पडून राहायला शिका. स्नॉर्केलच्या, म्हणजे पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायच्या, नळीत मुद्दाम पाणी घेऊन एका जोरदार फुंकरीत बाहेर काढा. मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कड कपाळाला दाबून नाकाने श्वास सोडा, पाणी खालून निघून जातं. हे सगळं एका हातात कॅमेरा धरून जमलं पाहिजे.

मास्क इथेच घ्या, साधा डोळे-नाक झाकणारा. पूर्ण चेहऱ्याचा मास्क नको: सोडलेली हवा आत साठू शकते, आणि वाहत्या पाण्यात तो झटकन काढता येत नाही. चष्म्याच्या नंबरच्या तयार काचा बसणारे मास्क मिळतात, कॉन्टॅक्ट लेन्सपेक्षा ते बरं. नव्या मास्कच्या काचेवर आतून सिलिकॉनचा पातळ थर असतो. साधी टूथपेस्ट लावून बोटाने तीन-चार वेळा चोळून धुवा, नाहीतर काहीही लावलं तरी धुकं धरतं. नदीवर बेबी शॅम्पूचा एक थेंब लावून हलकं धुतलं की झालं. कॅमेऱ्याच्या लेन्सला मात्र टूथपेस्ट लावायची नाही.

वेटसूट (गार पाण्यात ऊब ठेवणारा रबरी पोशाख) इथून नेऊ नका, तिथे भाड्याने मिळतो. सात मिलिमीटरचा घ्या, सोबत डोक्यावरचं हूड, हातमोजे आणि बूट. अंगाला घट्ट हवा. सैल सूटमध्ये पाणी आत-बाहेर करत राहतं आणि जाडीचा उपयोग शून्य. आपल्या तरणतलावाच्या मानाने नदी फारच गार. पाण्यात शिरताच धाप लागते, ती साधारण मिनिटभरात ओसरते. तेवढा वेळ काठालगतच्या उथळ, संथ पाण्यात चेहरा वर ठेवून, काहीतरी धरून उभं राहा. बोटं बटणं दाबेनाशी झाली की बाहेर या, पुढच्या शॉटची वाट पाहू नका. सूट तुम्हाला तरंगत ठेवतो, म्हणून कमरेला वजनं बांधू नका. तळाशी थांबायचा मोह होतो, पण नदीत तरंगणं हीच सुरक्षितता. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंखे, हेही मी सुचवणार नाही. उथळ पाण्यात त्या खडी उडवतात.

ही नदी इतकी नितळ कशी? वर तलाव आणि जलाशय आहेत, गाळ तिथेच बसतो. मात्र जलाशय म्हणजे धरणही आलं: वर जॉन हार्ट धरण आहे, आणि पाणी सोडलं की पातळी चढते. उतरण्याआधी त्या दिवसाचा विसर्ग आणि काठावरचे फलक बघा. पडलेल्या झाडांपासून लांब राहा. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस अडकतो. प्रवाहात गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उभं राहण्याचा प्रयत्न करू नका; पाय दोन गोट्यांत अडकला की प्रवाह माणसाला पुढे आडवा करतो. वाहून जाऊ लागलात तर उताणे व्हा, पाय पुढे आणि वर ठेवा, तिरकस काठाकडे जा. एकटे उतरू नका, लेक किंवा जावई काठावर हवेच. पहिल्या दिवशी स्थानिक गाइडबरोबर जाणं मला सर्वात शहाणपणाचं वाटतं.

त्या पंधरवड्यात मुख्यतः पिंक सॅमन दिसतील, नराच्या पाठीवर उंच वशिंड आलेलं. चिनूक आणि कोहो या सॅमनच्या दुसऱ्या जातीही येऊ लागलेल्या असतात. तीस पौंडांच्या, म्हणजे साडेतेरा किलोंच्या पुढच्या चिनूकला तिथे टायी म्हणतात. 'जंगली' हा शब्द मात्र जपून वापरा. क्विन्सम ही कॅम्पबेलची उपनदी, आणि तिच्यावर सॅमनची पैदास करणारं सरकारी केंद्र आहे. तिथून सोडलेल्या बऱ्याच कोहो आणि काही चिनूकचा एक छोटा पर कापलेला असतो: पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, बोटाच्या पेराएवढा मांसल तुकडा. तो नसेल तर मासा केंद्रातला. असेल तर जंगली असेलच असं नाही, कारण सगळ्यांचा कापत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. सॅमनच्या मागे पोहून चांगलं चित्रण मिळत नाही. मिळतात त्या पळणाऱ्या शेपट्या. नदीत आल्यावर हे मासे जवळजवळ खात नाहीत, अंगातल्या साठ्यावर जगतात आणि अंडी घालून मरतात. दर वेळी दचकून पळण्यात तोच साठा खर्च होतो. म्हणून जागा आधी काठावरून, पोलराइज्ड गॉगल लावून हेरा. मोठ्या धोंड्यामागचं संथ पाणी आणि डोहाचा शेवटचा, उथळ होत जाणारा भाग, इथे मासे थांबतात. त्यांची तोंडं प्रवाहाच्या विरुद्ध असतात. वरून वाहत त्यांच्या अंगावर गेलात की थवा फुटतो. खालच्या बाजूने, काठाला धरून, गोट्यांवर हाताने ओढत सरका आणि त्यांच्या बाजूला दोन मीटरवर धोंडा धरून पडून राहा. तरणतलावातली ती वीस मिनिटं इथे कामी येतात. मासे हळूहळू आपल्या जागी परत येतात.

याहून चांगला उपाय म्हणजे कॅमेरा ठेवून आपण बाहेर यायचं. छोटा ट्रायपॉड घ्या आणि दणकट जाळीची पिशवी. काठावरचे कोरडे गोटे त्यात दीड-दोन किलो भरून पायांना बांधा. कांद्याची पिशवी नको, ती फाटते आणि प्लास्टिक नदीत राहतं. लेन्स तळापासून वीतभर उंच ठेवा. कॅमेरा माशांच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, आणि लेन्स खाली, प्रवाह जातो त्या दिशेने. यात दोन फायदे: मासे प्रवाहाच्या विरुद्ध बघत असल्याने चेहरे मिळतात, आणि वाहत आलेली पानं कॅमेऱ्याच्या पाठीवर अडकतात, काचेवर नाही. पिशवीला आखूड दोरी लावून धोंड्याला बांधा. लांब, सैल दोरी पायात गुंतते. मग काठावर अर्धा तास थांबा. तुम्ही गेल्यावर दहा-वीस मिनिटांत जे परत येतात, तेच तुमचे शॉट.

सेटिंग सोपं आहे. फोरके, सेकंदाला ६० फ्रेम, शटर १/१२०, आयएसओची कमाल उन्हात ४०० आणि सावलीत ८००. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर सोडू नका, शॉटच्या मध्येच रंग बदलतो. ५५०० केल्विनला बांधून टाका. लाल फिल्टर पैसे वाया. मीटरभर खोलीवर लाल रंग फारसा जात नाही, उलट फिल्टर उजेड खातो. मात्र खोलीइतकंच माशापर्यंतचं अंतरही रंग खातं, म्हणून मासा मीटरच्या आत हवा. ३० सेंटिमीटरच्या आत आला तर गोप्रो पुसट दाखवतो. पाण्यात सगळं जवळ भासतं: मीटरभर वाटणारा मासा खरं तर सव्वा मीटरच्याही पुढे असतो. भर दुपारी लाटांच्या उन्हाच्या जाळ्या माशांवरून पळतात आणि रंग मारतात. पातळ ढग असलेली सकाळ मला सर्वात बरी वाटते. सेकंदाला १०० मेगाबिटने तासाला साधारण ४५ जीबी लागतात, तेव्हा १२८ जीबीचं, व्ही३० वेगाचं मेमरी कार्ड घ्या. गार पाण्यात बॅटरी लवकर संपते, जादाच्या दोन खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. बॅटरीचं झाकण उबदार, दमट खोलीत लावलं तर आतली वाफ गार पाण्यात लेन्समागे धरते; नदीकाठच्या गार हवेत बंद करा.

तळावर कुठे पाऊल टाकता ते बघा. मादी शेपटीने खडी उलटून खळगा करते आणि अंडी त्यातच पुरते. आजूबाजूच्या शेवाळलेल्या खडीत एखादा पट्टा धुतल्यासारखा उजळ दिसला, प्रवाहाच्या वरच्या बाजूला खळगा आणि खालच्या बाजूला उंचवटा असला, तर तो अंड्यांचा. त्यावर पाय, गुडघा, ट्रायपॉड काहीही नको. कॅनडात माशांच्या अधिवासाची हानी हा कायद्याने गुन्हा आहे. घरी बघायला चित्रण करत असाल तर ठीक; विकणार असाल तर प्रांतिक उद्यानात आधी परवाना काढा.

मेलेल्या माशांच्या वासाने काळी अस्वलं काठावर येतात. बोलत चला, म्हणजे ती दचकत नाहीत. अस्वल मासा खाताना दिसलं तर ती जागा त्या दिवसापुरती सोडा. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवणारा तिखट फवारा, विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तो तिथेच विकत घ्या, आणि निघताना लेकीकडे ठेवून या.