‘तो मळका आहे’ असं मूल म्हणालं तर?

प्रश्न : माझी साडेचार वर्षांची मुलगी बालवाडीतल्या एका सावळ्या मुलाबद्दल त्याच्यासमोरच म्हणाली, ‘तो मळका आहे, मी नाही खेळणार.’ मी तिला दटावून गप्प केलं. तिला समजावू कसं?

उत्तर : दटावल्याने ती एवढंच शिकते की रंगाविषयी बोलायचं नाही, गैरसमज तसाच राहतो. दोन-तीन वर्षांपासून मुलं असे फरक टिपतात. त्यात वाईट काही नाही, पण अर्थ मोठ्यांनी सांगितला नाही तर ती स्वतःच लावतात.

म्हणून तिथल्या तिथे, शांतपणे बोला : ‘तो मळ नाही. सगळ्यांच्या त्वचेत तिला रंग देणारं मेलॅनिन असतं, कुणात जास्त, कुणात कमी. ते धुऊन जात नाही.’ मग त्या मुलाकडे वळून, त्याला ऐकू जाईल असं म्हणा, ‘तुझ्याबद्दल असं बोललेलं चालणार नाही.’ हे बहुतेकदा राहूनच जातं, आणि दुखावलेलं मूल एकटं पडतं. ‘सॉरी’ मात्र जबरदस्तीने वदवू नका.

घरी तपकिरी, पांढरा, पिवळा आणि थोडा लाल रंग मिसळून प्रत्येकाच्या हाताशी जुळणारी छटा बनवा. खडूच्या डबीतल्या एकाच फिकट खडूला ‘अंगाचा रंग’ म्हणणं थांबवा. गोष्टींमध्ये वेगळं दिसणारं मूल केवळ मदत घेणारं नको, नायकही हवं.

बालवाडीत त्या मुलाला पुन्हा वगळलं जात असेल तर नेमके शब्द आणि तारीख शिक्षिकेला कळवा. १९८९च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं दुसरं कलम भेदभावापासून संरक्षणाचंच आहे.