‘व्यक्तिमत्त्व’ या शब्दापुढे ‘मूल्यमापन’ लावावे काय?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिकाबाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. विद्यार्थ्यांविषयीच्या वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यावर ‘व्यक्तिमत्व गुणविशेष’ असे छापलेले असते, तेथे ‘त’ एक हवा की दोन? ‘स्वभाव’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे एकच आहेत काय? आणि व्यक्तिमत्त्वाचे ‘मापन’, ‘मूल्यमापन’, ‘चाचणी’ की ‘परीक्षण’ म्हणावे? तिसऱ्या प्रश्नाला एक पालक निमित्त झाले. मुलाविषयीची नोंद वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, ‘‘माह्या पोट्ट्याच्या सोभावाले मार्क कोनं देल्ले?’’

उत्तर : लेखनाचा प्रश्न लवकर सुटतो. ‘व्यक्तिमत्’ या शब्दाला ‘त्व’ हा प्रत्यय लागतो, म्हणून ‘व्यक्तिमत्त्व’ यात दोन ‘त’ येतात. महत् आणि त्व मिळून ‘महत्त्व’ होते, तसेच हे. हिंदीतील ‘व्यक्तित्व’ थेट ‘व्यक्ति’ला ‘त्व’ लागून झालेला असल्यामुळे तेथे एकच ‘त’ पुरतो, आणि ‘अस्तित्व’, ‘नेतृत्व’ या शब्दांतही एकच. आपल्याकडे विदर्भात हिंदी आणि मराठी वृत्तपत्रे एकाच पारावर वाचली जातात, त्यामुळे दोन्ही शब्दांची सरमिसळ होणे स्वाभाविक आहे. ‘व्यक्ती’ सुटा लिहिताना दीर्घ, पण ‘व्यक्तिमत्त्व’, ‘व्यक्तिगत’, ‘व्यक्तिचित्र’ यांत ऱ्हस्व, एवढे आणखी लक्षात ठेवावे. इंग्रजी ‘पर्सनॅलिटी’च्या मुळाशी लॅटिनमधील मुखवटा आहे, ही माहिती बहुतेक पाठ्यपुस्तकांत पहिल्याच पानावर असते, आपल्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न थोडा खोल आहे. बोलीत ‘सोभाव’ म्हणताना बदलत नाही असे काहीतरी अभिप्रेत असते. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण त्याच समजुतीची आहे. उलट गावात एखाद्या मुलाची ‘पर्सनॅलिटी चांगली आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा त्याची उंची, बांधा आणि चारचौघांत बोलण्याची धिटाई एवढेच सांगायचे असते, आणि लग्नाच्या बैठकीत तर बहुधा उंचीच. मानसशास्त्रातील ‘व्यक्तिमत्त्व’ या दोहोंहून व्यापक आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३७ च्या आपल्या ग्रंथात या एका शब्दाच्या सुमारे ५० व्याख्या तपासल्या आणि शेवटी स्वतःची व्याख्या दिली. ज्या मनोशारीरिक यंत्रणा माणसाचे परिस्थितीशी होणारे खास त्याचे असे समायोजन ठरवतात, त्या यंत्रणांची माणसाच्या अंतरंगातील गतिशील संघटना म्हणजे व्यक्तिमत्त्व, असा तिचा आशय आहे. त्यातील ‘गतिशील’ हा शब्द ‘औषध नाही’ या निकालाला मान्यता देत नाही, आणि ‘खास त्याचे’ हे शब्द ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ या म्हणीच्या बाजूने उभे राहतात.

आता मुख्य मुद्दा. त्याच ऑलपोर्टचे एक प्रसिद्ध विधान असे आहे की, व्यक्तिमत्त्वाला मूल्य लावले की त्याचे चारित्र्य होते आणि चारित्र्यातून मूल्य काढून घेतले की व्यक्तिमत्त्व उरते. हे मान्य केले, तर ‘व्यक्तिमत्त्वाचे मूल्यमापन’ या शब्दप्रयोगात आपण एका हाताने काढलेले मूल्य दुसऱ्या हाताने परत घालतो. गणिताचे, भाषेचे, परिसर अभ्यासाचे मूल्यमापन होऊ शकते, कारण तेथे काय यायला हवे हे आधी ठरलेले असते. अबोल असणे किंवा बडबडे असणे यांपैकी ‘यायला हवे’ असे काय आहे? पालकाचा आक्षेप मला म्हणूनच गैरसमजातून आलेला वाटत नाही. ‘मूल्यमापन’ हा शब्द मराठी शाळेत गुणांशी इतका बांधला गेला आहे की तो ऐकून कोणालाही मार्कच आठवतील.

मग ‘मापन’ म्हणावे काय? याचे उत्तर आपण व्यक्तिमत्त्वाची कोणती उपपत्ती, म्हणजे सिद्धांत, स्वीकारतो यावर अवलंबून आहे, आणि म्हणून प्रमुख उपपत्तींचे गुणदोष पाहिल्याशिवाय शब्द निवडता येत नाही.

‘मापन’ हा शब्द सर्वांत चांगला शोभतो तो गुणविशेषांच्या उपपत्तीला. तिचा आरंभ शब्दकोशात आहे, हे शब्दांच्या नादी लागलेल्यांना आवडावे. माणसामाणसांतील जे भेद जगण्यात महत्त्वाचे ठरतात, त्यांना भाषा कधीतरी शब्द देतेच, असे हे गृहीतक. त्यावर विसंबून ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले आणि त्यांचे चार गट केले : टिकाऊ गुणविशेष सांगणारे ४,५०४ शब्द एका गटात, तात्पुरत्या मनःस्थितीचे दुसऱ्यात, बरेवाईट ठरवणारे तिसऱ्यात आणि उरलेले चौथ्यात. पहिल्या गटापासून निघून रेमंड कॅटेल याने संख्याशास्त्रीय पद्धतीने १६ घटकांची प्रश्नावली बांधली, हान्स आयझेंक याने बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता अशा मोजक्या मितींवर भर दिला, आणि पुढे अनुभवांविषयी खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता या पाच घटकांवर बऱ्याच अभ्यासकांचे एकमत झाले.

ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांच्या चार गटांतला तिसरा, बरेवाईट ठरवणाऱ्या शब्दांचा, गट वेगळा काढण्याची काळजी आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. वऱ्हाडी बोलीत हाच उद्योग करून पाहावा. पाडव्याला सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, ठरवताना माणसाविषयी जे शब्द कानावर पडतात ते घ्या : अंगचोर, इमानदार, घुम्या, बोलभांड, चोंबडा, हेकेखोर, बह्याड. यांतील ‘घुम्या’ जेमतेम पहिल्या गटात बसेल. ‘अंगचोर’ आणि ‘चोंबडा’ सरळ तिसऱ्या गटात जातील, कारण त्यांत वर्णन कमी आणि निवाडा अधिक आहे. ‘बह्याड’ (वेडगळ) तर बोलणाऱ्याच्या सुरावर ठरतो. आई लेकराला म्हणते तेव्हा तो लाडाचा असतो. गुणविशेष मोजायचे असतील तर शब्दाला चिकटलेला निवाडा आधी सोलून काढावा लागतो, आणि बोलीत तो सहज सुटत नाही.

या उपपत्तीचे बळ तिच्या साधनांत आहे. एकाच माणसाने काही महिन्यांनी पुन्हा उत्तरे दिली तर निष्कर्ष जुळतो काय, म्हणजे विश्वसनीयता, आणि जे मोजायचे म्हटले तेच मोजले गेले काय, म्हणजे यथार्थता, हे दोन प्रश्न येथे आकड्यांत विचारता येतात. दुबळेपणा स्पष्टीकरणात आहे. अमुक मुलगा खूप का बोलतो, तर तो बहिर्मुख आहे म्हणून. आणि तो बहिर्मुख कशावरून, तर तो खूप बोलतो यावरून. हे गोल फिरणे आहे. शिवाय वॉल्टर मिशेल याने १९६८ मध्ये दाखवून दिले की, गुणविशेषांवरील गुण आणि एखाद्या विशिष्ट प्रसंगातील प्रत्यक्ष वर्तन यांतील सहसंबंध साधारण ०.३० च्या वर क्वचितच जातो (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). त्यावर सीमोर एप्स्टाइन याने एका प्रसंगाऐवजी अनेक प्रसंगांची सरासरी घेतली असता सुसंगती बरीच वाढते असे उत्तर दिले. मला दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात.

ग्रामीण भागात या प्रश्नावल्या वापरण्याआधी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बोलिव्हियातील त्सिमाने या शेती आणि शिकार करून राहणाऱ्या, बव्हंशी निरक्षर समाजातील ६३२ प्रौढांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच घटकांची ती मांडणी नीटशी आढळली नाही. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पायऱ्यांत उत्तर देणे ही शाळेत लागलेली सवय आहे, वावरात आयुष्य गेलेल्या माणसाला ‘मला नव्या कल्पनांशी खेळायला आवडते’ या वाक्याशी आपण किती सहमत आहोत हे विचारले, तर तो आधी विचारणाऱ्याचे तोंड पाहील. नुसते मराठी भाषांतर केल्याने ही अडचण जात नाही. शिवाय उत्तर देणाऱ्याला चांगले दिसण्याची इच्छा असतेच. मिनेसोटा विद्यापीठात १९४० च्या दशकात तयार झालेल्या ‘एमएमपीआय’ या प्रश्नावलीत, जिच्या १९८९ च्या आवृत्तीत ५६७ विधाने आहेत, उत्तर देणारा स्वतःला फार सज्जन दाखवत आहे काय हे ताडण्यासाठी वेगळ्या मापनश्रेणी घालाव्या लागल्या, यावरून ही इच्छा किती प्रबळ असते ते कळते.

मनोविश्लेषणाकडे वळलो की ‘मापन’ हा शब्द लगेच परका होतो. फ्रॉइडने १९२३ मध्ये मांडलेले इदम् (उपजत वासना), अहम् (व्यवहार सांभाळणारा ‘मी’) आणि पराहम् (आतला नैतिक पहारेकरी) यांचे चित्र माणसाच्या अंतर्विरोधाला भाषा देते, आणि बालपणाचे महत्त्व त्याच्यामुळे सर्वांना पटले, हे त्याचे श्रेय. पण तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा आक्षेप अजूनही निरुत्तर करणारा आहे : एक माणूस मुलाला पाण्यात ढकलतो आणि दुसरा त्याच मुलासाठी जीव देतो, या दोन्ही वर्तनांना ही उपपत्ती सारख्याच सहजतेने लागू पडते, म्हणजे ती खोटी ठरू शकेल असा प्रसंगच उरत नाही. तिच्याच वळणाची साधने म्हणजे प्रक्षेपण तंत्रे, म्हणजे संदिग्ध आकृती दाखवून माणूस तिच्यात स्वतःच्या मनातले काय पाहतो हे जाणण्याच्या रीती. हर्मन रोर्शाक याने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शाईच्या डागांच्या १० पत्रिका आणि मरे व मॉर्गन यांची चित्रावरून गोष्ट सांगायची ‘टीएटी’ ही त्यांतील प्रमुख. त्यांत चूक आणि बरोबर नसते, म्हणून त्यांना ‘चाचणी’ म्हणणेच मला खटकते. तेथे होतो तो अन्वयार्थ, आणि अन्वयार्थ लावणारा बदलला की तो बदलू शकतो. रोर्शाकच्या बाबतीत जॉन एक्स्नर याने १९७४ पासून गुणांकनाला शिस्त लावली, तरी त्यातील अनेक निर्देशांकांच्या यथार्थतेवर वाद आहेच. टीएटीच्या पहिल्याच चित्रात एक मुलगा व्हायोलिनकडे पाहत बसला आहे. ज्या गावात व्हायोलिन कोणी पाहिलेले नाही तेथे मूल गप्प बसले, तर त्या गप्प बसण्यातून आपण काय वाचणार? उमा चौधरी यांनी १९६० मध्ये या चित्रांचे भारतीय रूप सिद्ध केले ते अशाच गरजेतून.

मानवतावादी उपपत्तीविषयी थोडक्यात सांगतो. कार्ल रॉजर्स याने माणसाची स्वतःविषयीची प्रतिमा आणि त्याला हवीशी वाटणारी प्रतिमा यांतील अंतर महत्त्वाचे मानले. शिक्षकाला ही दृष्टी उपकारक आहे, पण ‘आत्मसाक्षात्कार’ (येथे अर्थ : स्वतःतील शक्यता पूर्णपणे फुलवणे) यासारख्या तिच्या संकल्पना इतक्या सैल आहेत की त्या तपासायला हाताशी फारसे काही लागत नाही.

आल्बर्ट बांदुरा याची सामाजिक-बोधात्मक उपपत्ती मात्र आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत अनुकरणातून शिकणे जवळजवळ पूर्ण आले आहे. बांदुरा पुढे जातो तो असा की, परिस्थिती माणसाला घडवते तसा माणूसही परिस्थितीला घडवतो, आणि ‘हे मला जमेल’ हा विश्वास वर्तनाचा मोठा भाग ठरवतो. ही उपपत्ती प्रयोगांनी तपासता येते. तिची मर्यादा अशी की उपजत भेदांना ती कमी लेखते. या उपपत्तीला जुळणारे साधन म्हणजे ठरावीक परिस्थितीतील निरीक्षण.

या साऱ्यांना पोटात घेईल असा एक शब्द हवा असेल, तर माझे मत ‘परीक्षण’ या शब्दाला आहे. ‘परीक्षा’ आणि ‘परीक्षण’ यांचा धातू एकच असला तरी मराठीने त्यांचे अर्थ वेगळे केले आहेत. परीक्षेत नापास होता येते. परीक्षणात तसे काही नसते. आपला शेतकरी माती परीक्षण करून आणतो, तेव्हा सामू, नत्र, स्फुरद, पालाश किती हे त्याला कळते, जमीन अनुत्तीर्ण होत नाही. कोणते पीक घ्यावे आणि काय घालावे, एवढाच पुढचा विचार असतो. नमुना घेण्याची रीतही येथे लागू पडते. बांधाजवळची माती टाळून, नागमोडी चालत वावरातील अनेक ठिकाणची माती घेऊन ती एकत्र करतात, आणि एप्स्टाइनचे अनेक प्रसंगांविषयीचे म्हणणे याहून वेगळे नाही. ‘आकलन’ हा शब्द काहीजण हिंदीच्या प्रभावाने या अर्थी वापरू लागले आहेत, पण मराठीत त्याचा अर्थ समजणे हा आहे, तेव्हा तो टाळावा.

म्हणजे एकूण कामाला ‘परीक्षण’, आणि त्याच्या आत प्रमाणित प्रश्नावली असेल तेथे ‘मापन’, प्रक्षेपण तंत्र असेल तेथे ‘अन्वयार्थ’, आणि शिक्षकाने वर्गात पाहून लिहिलेले असेल तेथे ‘नोंद’ हाच साधा शब्द. नोंद कशी लिहावी हेही शब्दाचेच काम आहे, म्हणून दोन सूचना करतो. पहिली, सर्वांना लागू पडेल असे लिहू नये. बर्ट्रम फोरर या अमेरिकी प्राध्यापकाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर, बाजारातील ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलून, वेगवेगळा भासवून दिला. त्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. दारावर येणाऱ्या कुडमुड्या जोश्याचे भविष्य खरे का वाटते, ते यात आहे, आणि ‘मनमिळाऊ, मेहनती, थोडा हळवा’ ही नोंद त्याच जातीची आहे. दुसरी सूचना अशी की, विशेषणाऐवजी क्रियापद वापरावे आणि प्रसंग सांगावा. ‘घुम्या आहे’ हा निवाडा झाला. ‘वर्गात विचारल्याशिवाय बोलत नाही, कबड्डीत चढाईला आपणहून पुढे येतो, लहान मुलांना हिशेब समजावून सांगतो’ ही नोंद झाली, आणि ती वाचून दाखवली तर पालक तिच्यात आपल्याकडची भर घालू शकतो. ज्या गोष्टी एकदाच दिसल्या असतील, त्यांच्यापुढे ‘एकदा’ हा शब्द आणि महिना लिहावा.